खानदेशच्या हवामानात खांबी निवडुंगाची जोपासना

निवडुंग म्हटले की खानदेशातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे बांधावरचा थोर उभा राहतो. त्याला कोणी पाणी घालत नाही, खत देत नाही, शेळीही तोंड लावत नाही. तरी तो वर्षानुवर्षे हिरवा असतो. त्यामुळे रोपवाटिकेतून हौसेने आणलेला खांबासारखा सरळ वाढणारा निवडुंगही आपल्या गच्चीवर असाच आपोआप वाढेल, अशी समजूत होते. जळगाव-भुसावळचा मे महिना म्हणजे वाळवंटच. मग वाळवंटातल्या झाडाला आणखी काय हवे, असेही बोलले जाते. प्रत्यक्षात अशी पुष्कळ रोपे दुसरा पावसाळा पाहत नाहीत. बुडाशी मऊ पडतात, पिवळी होतात आणि एके दिवशी आडवी होतात. ऊन लागले, असे आपण म्हणतो. पण खोड कापून पाहिले तर आत तपकिरी कूज दिसते. झाड उन्हाने नव्हे, पाण्याने मेलेले असते.

प्रस्तुत लेखकाचाही अनुभव याहून वेगळा नाही. कृषी पदवीधर असल्याच्या भरवशावर आणलेल्या पहिल्या सहा रोपांपैकी चार रोपे एका उन्हाळ्यात गेली. शेतातली चाळलेली काळी माती, भरपूर शेणखत आणि मे महिन्यात रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी, असा तो थाट होता. वांग्याच्या रोपाला जी माया चालते, ती निवडुंगाला मारक ठरते, हे तेव्हा कळले. हे असे का होते, हे समजले तर पुढची सर्व कामे सोपी होतात. म्हणून आधी थोडे शास्त्र पाहू.

थोर वेगळा, कॅक्टस वेगळा

आपल्या बांधावरचा थोर, शेर आणि त्रिधारी निवडुंग हे युफोर्बिया कुळातील, म्हणजे एरंडाचे नातेवाईक आहेत. खरे कॅक्टस हे निराळे कुळ असून ते मूळचे अमेरिका खंडातील आहे. भारतात एकही कॅक्टस मूळचा नाही. गावाकडचा फड्या निवडुंगसुद्धा बाहेरूनच आलेला. घराघरांत रात्री फुलणारे आणि ज्याची पूजा होते ते ‘ब्रह्मकमळ’ हाही मध्य अमेरिकेतील, झाडांवर वाढणारा एक कॅक्टसच आहे. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ ही अगदी वेगळी वनस्पती होय.

रोपवाटिकेत दोन्ही प्रकार ‘कॅक्टस’ म्हणूनच विकले जातात. ओळख सोपी आहे. कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या छोट्या गादीतून झुपक्याने निघतात. थोराचे काटे बहुधा जोडीने असतात व त्यांच्या बुडाशी अशी गादी नसते. दुसरी खूण म्हणजे चीक. थोराला जरा ओरखडा पडला तरी पांढरा चीक वाहतो. खांबी कॅक्टस कापला तर पाणीदार किंवा बुळबुळीत रस निघतो.

ही ओळख केवळ माहितीसाठी नाही. थोराचा व शेराचा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते आणि काही वेळा दृष्टीवर बेतते. थोर कापताना डोळ्यांवर चष्मा व हातात मोजे असावेत, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. चीक डोळ्यात गेलाच तर कमीत कमी पंधरा मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा धुवावा व त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. तूप, दूध किंवा कोणताही पाला डोळ्यात घालू नये.

खांबाचा आकार आणि रात्रीचा श्वास

खांबी निवडुंगाला पाने नसतात. पानाचे काम हिरवे खोडच करते. खोडावर उभे कंगोरे असतात. हे कंगोरे म्हणजे हार्मोनियमचा भाता समजावा. पाणी मिळाले की भाता फुगतो, पाणी संपत आले की मिटतो आणि साल फाटत नाही. उन्हाळ्यात कंगोरे आत ओढले गेलेले दिसले म्हणजे झाड मरायला टेकले असे नव्हे. ते साठ्यातले पाणी खर्च करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

उभ्या खांबाचा आणखी एक फायदा आहे. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळी उभ्या खोडाच्या बाजूंवर ऊन तिरके पडते व ताप कमी होतो. शेंडा तेवढा उघडा राहतो, त्याला दाट काटे किंवा लोकर झाकते. खरी झळ बसते ती दुपारी तीन-चार वाजता, पश्चिमेकडच्या बाजूला.

आता मुख्य गोष्ट. कापूस, केळी, ज्वारी ही पिके दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतील कर्बवायू घेतात. त्या वेळी पाण्याची वाफही बाहेर जाते. निवडुंग दिवसा रंध्रे मिटून घेतो आणि रात्री उघडतो. रात्री घेतलेला कर्बवायू तो आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात, दारे बंद ठेवून, त्याचे अन्न करतो. या प्रकाराची एक जुनी नोंद भारतातलीच आहे. कंपनी सरकारच्या नोकरीत असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांना आपल्याकडील पानफुटीचे पान सकाळी आंबट व दुपारनंतर बेचव लागते असे आढळले. त्यांचे हे निरीक्षण १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

या पद्धतीला थंड रात्र लागते. अमेरिकेतील पुष्कळ वाळवंटी प्रदेशांत दिवसा कितीही तापले तरी रात्री चांगला गारवा पडतो. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही पारा पुष्कळदा २६-२८ अंशांच्या खाली उतरत नाही, आणि स्लॅबची गच्ची तर मध्यरात्रीपर्यंत तापलेली असते. अशा रात्री निवडुंगाची रंध्रे नीट उघडत नाहीत, आम्ल साठत नाही, वाढ थांबते. झाड झोपते म्हणा ना. झोपलेल्या झाडाची मुळे पाणी ओढत नाहीत. आपण मात्र दया येऊन पाणी घालतो, ते गरम ओल्या मातीत मुळांभोवती साचते आणि कुजीच्या बुरशीला हवी तशी जागा तयार होते.

म्हणजे खानदेशात निवडुंगाचा वाढीचा हंगाम उन्हाळा नाही. फेब्रुवारी-मार्च हा पहिला आणि पावसाचा जोर ओसरल्यापासून नोव्हेंबरपर्यंत दुसरा. रब्बीचा माणूस जसा ऑक्टोबरची वाट पाहतो, तशीच निवडुंगाचीही तऱ्हा आहे.

जात निवडताना मूळ गाव पाहावे

केळीची जात निवडताना आपण जमीन व हवामान पाहतो; तसेच येथेही करावे. फक्त दिसायला सुंदर म्हणून रोप घेऊ नये.

नवशिक्याने सीरियसपासून सुरुवात करावी. बंगल्यांच्या फाटकाशी दिसणारा, पाच ते आठ कंगोऱ्यांचा, निळसर हिरवा उंच निवडुंग बहुधा हाच असतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील. उष्णता, थोडी थंडी आणि मालकाच्या चुका तो बऱ्यापैकी सोसतो. याचाच वेडावाकडा, गाठीगाठीचा प्रकारही मिळतो.

माझ्या मते खानदेशासाठी सर्वांत योग्य जाती ईशान्य ब्राझीलमधील काटिंगा या काटेरी, कोरड्या जंगलातून आलेल्या आहेत. तेथे रात्रीही उबदार असतात आणि पाऊसमानही आपल्या कोरडवाहू पट्ट्याशी मिळतेजुळते आहे. आकाशी निळ्या खोडाचा व सोनेरी काट्यांचा पिलोसोसीरियस आणि तिकडे ‘मंदाकारू’ म्हणतात तो सीरियस जमाकारू हे त्या भागातले. पिलोसोसीरियसला थंडी सोसत नाही. धुळ्याला थंडीच्या लाटेत किमान तापमान पाच-सहा अंशांच्या आसपास येते, तेव्हा रात्री तो ओट्यावर किंवा भिंतीच्या आडोशाला घ्यावा.

मेक्सिकोच्या पठारावरील मिर्टिलोकॅक्टस हाही आपल्याकडे चांगला येतो. त्याच्या निळसर खोडाला फांद्या फुटून मेणबत्त्यांच्या झुंबरासारखा आकार होतो. पॅकीसीरियस मार्जिनॅटस या जातीचे मेक्सिकोत शेताला जिवंत कुंपण करतात. कंगोऱ्याच्या कडेवर पांढरी रेघ असलेली ही जात ओळखायला सोपी आहे.

पांढऱ्याशुभ्र केसांच्या जाती, म्हणजे क्लिस्टोकॅक्टस, ओरिओसीरियस, एस्पोस्टोआ, यांचा मोह सर्वांना पडतो. त्यांतील पुष्कळ जाती अँडीज पर्वतातल्या. ओरिओसीरियस तर तीन हजार मीटर उंचीवर वाढतो. त्यांना थंड रात्रीची सवय. आपल्या मे महिन्यात त्या मुकाट्याने बसतात आणि पावसाळ्यात केस काळे पडतात. पहिल्या दोन वर्षांत या आणू नयेत. चित्रपटात दिसणारा, हात वर केलेल्या माणसासारखा सग्वारो मिळाला तर हौस म्हणून लावावा. मात्र तो पहिल्या आठ वर्षांत जेमतेम तीन-चार सें.मी. वाढतो आणि त्याला पहिली फांदी साधारण ५० ते ७५ वर्षांनी फुटते. नातवासाठी आंबा लावतात, तसे समजावे.

काळी माती कुंडीत नको

तापी-गिरणा खोऱ्यातील भारी काळी जमीन ही कापूस व केळीसाठी वरदान आहे. निवडुंगासाठी ती विषासमान. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण निम्म्याहून अधिक असू शकते. ओली झाली की फुगते, हवेची वाट बंद होते. वाळली की भेगा पडतात आणि निवडुंगाची बारीक मुळे तुटतात. तुटलेल्या मुळाला लगेच पाणी मिळाले की कूज सुरू. शिवाय आपल्या चुनखडीयुक्त जमिनीचा सामू पुष्कळदा आठच्या वर असतो, त्यामुळे लोह व इतर सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळत नाहीत आणि शेंडा पिवळट पडतो.

निवडुंगाला लागते ते माळरानाचे. घरगुती मिश्रणासाठी चाळलेला मुरूम दोन भाग, धुतलेली जाडी वाळू एक भाग, भाजक्या विटांचा बारीक रोडा एक भाग आणि दोन वर्षे कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत एक भाग घ्यावे. मुरूम व रोडा चाळून त्यांतली बारीक पूड टाकून द्यावी. पूडच निचरा अडवते. बारा इंची कुंडीस एक मूठ निंबोळी पेंड व थोडा लाकडी कोळसा मिसळावा. ताजे शेणखत मुळीच वापरू नये, त्यातून हुमणीही येते.

मिश्रण बरोबर झाले की नाही हे पाहण्याची साधी रीत अशी. भरलेल्या कुंडीत लिटरभर पाणी ओतावे. पाणी वर न साचता अर्ध्या-पाऊण मिनिटात खालच्या छिद्रातून वाहू लागले पाहिजे. वर तळे झाले तर मुरूम व रोडा वाढवावा.

कुंडी मातीचीच घ्यावी. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी मे महिन्यात गच्चीवर इतकी तापते की कडेची मुळे भाजून निघतात. मातीच्या कुंडीला बाहेरून चुना लावावा आणि ती विटांवर ठेवावी, म्हणजे खालून हवा खेळते व स्लॅबची धग लागत नाही. कुंडी झाडाच्या मानाने फार मोठीही नको. खोडाच्या जाडीपेक्षा दोन्ही बाजूंनी चार-पाच सें.मी. मोकळी जागा पुरते. मोठ्या कुंडीतील जादा माती ओली राहते. उंच खांब असेल तर मात्र वळवाच्या वादळाचा विचार करावा. कुंडी रुंद व जड घ्यावी, वर मोठे दगड मांडावेत आणि खांब भिंतीतील कडीला मऊ सुतळीने सैल बांधावा. झाडाला हात लावताना केळीचे वाळलेले सोपट किंवा गोणपाटाची पट्टी खोडाभोवती गुंडाळून धरल्यास काटे लागत नाहीत.

पाणी: तिथीने नव्हे, झाडाने

पाण्याचे वेळापत्रक विचारले जाते, पण ठरावीक दिवस सांगणे योग्य नाही. बांबूची बारीक काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसावी. दहा मिनिटांनी काढून पाहावी. ओल लागली असेल तर पाणी देऊ नये. काडी कोरडी निघाल्यावरही एक-दोन दिवस थांबावे. द्यायचे तेव्हा छिद्रातून वाहीपर्यंत पूर्ण पाणी द्यावे. रोज घोटघोट देऊ नये.

वर्षाचा सर्वसाधारण क्रम मात्र सांगता येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये आठ-दहा दिवसांनी पाणी लागते. एप्रिलच्या मध्यापासून ते आवरते घ्यावे. मे महिन्यात मोठ्या झाडाला तीन-चार आठवड्यांतून एकदा, तेही रात्री उशिरा किंवा पहाटे, थोडे पाणी द्यावे. लहान रोपांना साठा कमी असल्याने दहा-बारा दिवसांनी किंचित ओल द्यावी. कंगोरे मिटले म्हणून घाबरू नये. आपल्या घरच्या मंडळींनाही हे सांगून ठेवावे, कारण आपण शेतात गेल्यावर पाणी घालणारा हात दुसराच असतो.

जूनचा पहिला पाऊस झाडाला लागू द्यावा, त्याने धूळ धुतली जाते. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सरासरी ६५० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो, धुळ्याच्या कोरड्या तालुक्यांत त्याहून कमी. हा आकडा निवडुंगाला जड नाही. जड असते ती झड. जुलै-ऑगस्टमध्ये आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि कुंडी सतत ओली राहते, त्या वेळी झाडे जातात. पॉलिहाऊसच्या प्लॅस्टिकचा जुना तुकडा बांबूवर छपरासारखा ताणावा. बाजू पूर्ण उघड्या ठेवाव्यात. सप्टेंबरनंतर छप्पर काढावे आणि नोव्हेंबरपर्यंत आठवड्याच्या अंतराने पाणी द्यावे. हाच वाढीचा काळ होय. डिसेंबर-जानेवारीत पाणी महिन्यातून एकदा, थंडीच्या लाटेत अजिबात नाही. कोरडा निवडुंग थंडी सोसतो, ओला सोसत नाही.

बोअरचे जड पाणी सतत दिल्यास कुंडीच्या कडेवर व खोडाच्या बुडावर पांढरा थर चढतो. पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणी टाकीत साठवून वापरल्यास उत्तम. खत फार लागत नाही. केळीला ठिबकातून देतो तेच १९:१९:१९ लिटरला अर्धा ते एक ग्रॅम प्रमाणात मार्चच्या सुरुवातीस एकदा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दोनदा द्यावे. युरिया देऊ नये. नत्र जास्त झाले की खोड फुगून फाटते आणि फाटलेली जागा जन्मभर दिसते.

ऊन हळूहळू वाढवावे

रोपवाटिकेतील रोप शेडनेटखाली वाढलेले असते. ते एकदम गच्चीवर ठेवले तर तीन दिवसांत पांढरा, मग तपकिरी डाग पडतो. हा डाग कधी भरून येत नाही. नवीन रोप नोव्हेंबर ते जानेवारीत आणावे म्हणजे ते ऊन वाढेल तसे आपोआप सरावते. आणलेल्या रोपाची सूर्याकडची बाजू रंगाच्या ठिपक्याने खूण करून ठेवावी आणि जागा बदलताना तीच बाजू त्याच दिशेला करावी. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत पश्चिमेच्या बाजूने ५० टक्के सावलीची जाळी उभी लावावी. डोक्यावर जाळी नसली तरी चालते, पश्चिमेला हवीच.

याउलट झाड घरात, टेलिव्हिजनवर किंवा जिन्याखाली ठेवले तर शेंडा फिकट व बारीक होत जातो. नंतर उन्हात नेले तरी ती बारीक मान तशीच राहते आणि पुढे वाऱ्याने तेथेच मोडते. खांबी निवडुंग ही दिवाणखान्यातली वस्तू नव्हे.

अभिवृद्धी: छाट, बी आणि कलम

छाटकलमाने वाढ सर्वांत सोपी. फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबरमध्ये २० ते ३० सें.मी. लांबीचा निरोगी तुकडा धारदार, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने एका झटक्यात कापावा. खालच्या कंगोऱ्यांच्या कडा पेन्सिलीला टोक करतात तशा थोड्या तासाव्यात, म्हणजे मुळे मधल्या गाभ्यातून नीट फुटतात. कापावर गंधकाची पूड लावावी. यानंतरची पायरी आपल्या शेतकऱ्याला पटत नाही: तुकडा लावायचा नाही. सावलीत, हवेशीर जागी, रिकाम्या कुंडीत उभा करून दोन ते चार आठवडे वाळू द्यायचा. कापावर जाड, कोरडी साल धरली पाहिजे. आडवा ठेवल्यास शेंडा वाकतो व बाजूने मुळे फुटतात. मग फक्त तीन-चार सें.मी. खोल लावून काठीला बांधावा. ऊस पुरतो तसा पुरू नये. पहिले दोन आठवडे कोरडाच ठेवून नंतर थोडी ओल द्यावी. हलवून पाहिल्यावर घट्ट लागला म्हणजे मुळे धरली.

बियांपासून रोपे करायला धीर लागतो, पण शेकड्याने रोपे स्वस्तात होतात. सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा फेब्रुवारीत उथळ ट्रेमध्ये बारीक चाळलेले मिश्रण वाफवून थंड करावे, बी वर पसरावे, झाकू नये. ट्रेवर पारदर्शक पिशवी चढवून उजेडाच्या सावलीत ठेवावे. २५ ते ३० अंश तापमानात सीरियसचे बी एक ते तीन आठवड्यांत उगवते. पिशवी हळूहळू उघडावी. पहिले वर्ष रोपाला कडक ऊन दाखवू नये.

हळू वाढणाऱ्या नाजूक जाती खुंटावर बांधतात. रोपवाटिकांत दिसणारे लाल-पिवळे गोल डोके हिरव्या तिधारी दांड्यावर असते, तो दांडा म्हणजे ड्रॅगन फ्रूटच्या वेलाचाच तुकडा. महाराष्ट्रात ड्रॅगन फ्रूटच्या बागा झाल्यापासून छाटणीच्या फांद्या सहज मिळू लागल्या आहेत. गोल जातींसाठी त्या खुंट म्हणून चालतात. उंच खांबी जातीचे वजन मात्र हा खुंट पेलत नाही. त्यासाठी सीरियस किंवा मिर्टिलोकॅक्टसचा खुंट घ्यावा. खुंट व डोळा सपाट कापून दोन्हींच्या मधल्या वर्तुळांचा काही भाग तरी एकमेकांवर येईल असे बसवावे, रबराने आवळावे आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे.

रोग व किडी

पिठ्या ढेकूण ही मुख्य कीड. सुरुवातीस कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसावे; ऊन उतरल्यावरच लावावे. वाढ विनाकारण थांबली तर रोप उपटून मुळे पाहावीत. मुळांवर पांढरा कापूस दिसल्यास सर्व माती धुऊन काढावी, रोप आठवडाभर वाळवावे व नव्या मिश्रणात लावावे. शेंड्याजवळ साल तांबूस, खरखरीत झाली तर लाल कोळी समजावा. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम संध्याकाळी फवारावे, पारा ३५ अंशांच्या वर असताना फवारू नये. खोडकूज बुडाशी दिसली तर औषधाच्या मागे न लागता निरोगी भाग दिसेपर्यंत वरून काप घेत यावे आणि वरचा स्वच्छ तुकडा छाट म्हणून वाचवावा. कापात एकही तपकिरी ठिपका राहता कामा नये. झाड जाते, वाण राहतो.

फूल आणि फळ

सीरियस साधारण हातभर-दोन हात उंचीनंतर, पुरेसे ऊन मिळाल्यास फुलू लागतो. पांढरे, वीतभर लांबीचे फूल रात्री उमलते आणि सकाळी ऊन चढताच मिटते. फळ धरत नाही अशी तक्रार असते. कारण या जातीत स्वतःच्या परागाने फळ होत नाही. एकाच झाडाचे छाट पाच घरी लावले तरी ते एकच झाड. बियांपासून झालेली दोन वेगळी झाडे हवीत. रात्री नऊ-दहाच्या सुमारास मऊ कुंचल्याने एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या फुलात लावावा. लाल सालीचे, पांढऱ्या गराचे, काटे नसलेले फळ खाण्यास चांगले असते. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात बेन गुरियन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी याच फळाचे पीक बसवले आणि ते ‘कोबो’ नावाने विकले गेले. आपल्याकडे केळी काढून सीरियस लावा, असा सल्ला मी देणार नाही. हौस भागून छाट व रोपांच्या विक्रीतून कुंड्यांचा खर्च निघाला तरी पुष्कळ झाले.

संग्रह करताना

एकेका जातीला क्रमांक देऊन वहीत नाव, कोठून आणले, कधी लावले, फूल कधी आले हे लिहावे. कुंडीवरची चिठ्ठी खानदेशच्या उन्हात एका वर्षात कोरी होते. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरलेले नाव टिकते. रोप घेताना फूल ओढून पाहावे. निवडुंगाच्या डोक्यावर वाळकी रंगीत फुले गोंदाने चिकटवून विकण्याचा प्रकार सर्रास आहे. मला स्वतःला एकदा असे ‘फुललेले’ रोप मोठ्या किमतीस मिळाले आहे. खोडाला रंग फासलेली रोपेही घेऊ नयेत.

ज्यांना जाती पाहायच्या असतील त्यांनी चंडीगडजवळ पंचकुला येथील १९८७ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय निवडुंग बाग पाहावी. ती डॉ. जे. एस. सरकारिया यांनी उभी केली. खानदेशातून जवळची म्हणजे रतलामजवळच्या सैलाना संस्थानच्या राजवाड्यातील निवडुंग बाग. परदेशातून रोपे मागवताना मात्र सावध असावे. जवळजवळ संपूर्ण कॅक्टस कुळ दुर्मीळ वनस्पतींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात येते आणि आयातीसाठी २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवाना व रोगमुक्ततेचा दाखलाही लागतो. सातपुड्यातील माकडशिंगीसारख्या रानवनस्पती उपटून कुंडीत आणू नयेत. त्या तेथेच कमी होत चालल्या आहेत.

एका बाबतीत मात्र कडक राहावे लागेल. कापलेला तुकडा, मोडलेली फांदी, कंटाळा आलेले झाड बांधावर, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. फड्या निवडुंगाने एकेकाळी देशाच्या मोठ्या भागात शेते व कुरणे व्यापली होती. १७९५ मध्ये रंगासाठी म्हणून भारतात आणलेला किडा खऱ्या रंगाचा निघाला नाही, पण त्याने फड्याची एक जात खाऊन संपवली. दुसऱ्या जातीसाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून वेगळा किडा आणावा लागला. खांबी जाती निरुपद्रवी आहेत असेही नाही. वर शिफारस केलेला सीरियस जमाकारूच दक्षिण आफ्रिकेत कुरणात घुसलेले तण म्हणून जाहीर झाला आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या गुराख्यांना हॅरिसिया या निवडुंगाने असेच छळले. पक्षी फळे खातात व बी दूरवर टाकतात, म्हणून नको असलेली फळे पिकण्याआधी तोडावीत. टाकाऊ तुकड्यांचे बोटाएवढे काप करून मे महिन्यात पत्र्यावर पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावेत व मग जाळावेत. पावसाळ्यात वाळवणे शक्य नसेल तर दोन फूट खोल खड्ड्यात पुरून वर माती दाबावी आणि महिन्याभराने तेथे कोंब आला नाही ना, हे पाहून यावे.